पाचवीचं गणित: अपूर्णांक येतात, मोजमाप येतं, पण दोन्ही एकत्र आले की गाडी अडते

कोथरूडकरीण

नमस्कार मंडळी. लेक पाचवीत आहे, सेमी इंग्रजी. अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी झरझर करते. लसावि काढते, समच्छेद करते, उत्तराला संक्षिप्त रूपही देते. मोजमापाच्या धड्यातही पैकीच्या पैकी. पण परवा धाकट्याला तापाचं औषध द्यायचं होतं. बाटलीबरोबर जी छोटी मापाची टोपी येते, तिच्यावर फक्त ५ आणि १० च्या रेघा होत्या. तिला सहज विचारलं, अडीच मिली कुठपर्यंत येईल गं? तर म्हणे, "आई, यावर अडीच लिहिलेलंच नाहीये." (औषध मी सिरिंजनेच मोजून दिलं, काळजी नसावी.) मग पाऊण मीटर म्हणजे किती सेंटिमीटर विचारलं, तर बाई वही आणायला गेल्या.

अप्पा बळवंत चौकातून सरावाची तीन-चार पुस्तकं आणली. सगळ्यांत तेच. पोळीचे चार भाग, तीन रंगवा. पुढच्या पानावर पोळीच्या जागी पिझ्झा.

घरच्या घरी काय सराव घेता येईल? क्लास लावायचा नाहीये.

खवचट_पेठकर

अबॅकस लावा.

(पळतो.)

मोरपीस

स्वयंपाकघरात घ्या की सोबतीला. पाव वाटी रवा, अर्धी वाटी साखर, आपोआप येतं.

अनघड

मोरपीस, हा सल्ला सगळेच देतात आणि तो निम्माच खरा आहे. स्वयंपाकघरात कुणी मोजत नाही हो. आमच्याकडे "अर्धी वाटी" म्हणजे आईच्या मनात येईल तेवढं, आणि वाट्याही पाच आकारांच्या. मुलाला त्यातून अंदाज येतो, अपूर्णांक येत नाही. बरं, वाटी वर पसरट आणि खाली निमुळती. अर्ध्या उंचीपर्यंत भरली तर अर्धी वाटी होत नाही, कमीच होते. मापाचा सरळ उभा ग्लास असेल तर गोष्ट वेगळी.

निवृत्त_गुरुजी

कोथरूडकरीण ताई, मुळशी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत बरीच वर्षं चौथी-पाचवी शिकवली, त्या जोरावर लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

तुमच्या मुलीला अपूर्णांक ही दोन आकड्यांची जोडी वाटते, एक वर आणि एक खाली. ती जोडी पट्टीवर किंवा टोपीवर कुठेतरी एका ठिकाणी बसलेली असते, हे तिला दिसलेलं नाही. पोळीच्या चित्रांनी ते दिसतही नाही, कारण तिथे मूल फक्त तुकडे मोजतं. चारपैकी तीन रंगवले, झालं.

आम्ही वर्गात वितीपासून सुरुवात करायचो. बाक वितीने मोजा. कुणी म्हणतं पाच वीत, कुणी म्हणतं पाच वीत आणि थोडं. हे "थोडं" मापायचं कसं, या प्रश्नातच अपूर्णांकाची गरज आहे. एकक पुरत नाही, मग एककाचेच सारखे भाग करावे लागतात. मुलांनी हे एकदा हाताने केलं की छेद म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

घरी असं करा. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची साधारण दोन बोटं रुंद आणि दोन वीत लांब पट्टी कापा. तिच्यावर एकही आकडा लिहायचा नाही. ही तिची "काठी". घडी घालून अर्धी, पुन्हा घडी पाव, पुन्हा घडी आठवा भाग. घड्यांवर पेन्सिलने रेघा मारा. आता या काठीने घरातल्या वस्तू मोजायला सांगा: खिडकीची चौकट, दप्तर, फ्रीजचं दार. उत्तर "तीन काठ्या आणि पाच अष्टमांश" असं आलं पाहिजे. मग विचारा, पाऊण काठी आणि पाच अष्टमांश काठी यांत मोठी कुठली? पोरगी लसावि काढणार नाही, पट्टीवर बोट ठेवेल. तेच हवंय.

दुसरी गोष्ट, शून्य. कंपासपेटीतली पट्टी बघा. तिला शून्याच्या अलीकडे थोडी मोकळी जागा असते. निम्मी मुलं त्या टोकापासून मोजतात, काही १ पासून मोजतात, आणि काही चक्क रेघा मोजतात. ० ते ५ पर्यंत रेघा सहा आहेत आणि अंतरं पाच. हे ज्याला कळलं नाही त्याला ३/४ पट्टीवर कधीच दाखवता येणार नाही, कारण तो चौथी रेघ शोधत बसतो. यावर एक हमखास उपाय: तुटकी पट्टी द्या. पट्टी २ पर्यंत तुटलेली आहे, पेन्सिलचं एक टोक साडेतीनवर आणि दुसरं अकरावर. पेन्सिल किती लांब? जे मूल "अकरा" म्हणेल त्याला मोजमाप येत नाही, प्रगतिपुस्तकात काही का असेना.

मोरपीस

साडेसात. (आधी मनात अकराच आलं होतं. 😀)

बोहरी_आळी

गुरुजींना +१.

आमचं हार्डवेअरचं दुकान. आमच्याकडे येणारा मिस्त्री शाळेत फारसा गेलेला नसतो, पण अष्टमांशात त्याचा हात कुणी धरणार नाही. कारण त्याचं माप सूत. एका इंचाचे आठ सूत. दोन सूत पाव इंच, चार सूत अर्धा, सहा सूत पाऊण. त्याला ४/८ म्हणजे १/२ हे सिद्ध करून दाखवावं लागत नाही, तो दोन्ही नावांनी तोच बोल्ट मागतो. पाच सूत आणि सहा सूत जोडले तर? अकरा सूत, म्हणजे एक इंच तीन सूत. झाली ५/८ अधिक ३/४ ची बेरीज.

सळईचं तर अजून मजेशीर. कंपनी मिलिमीटरमध्ये बनवते, साइटवर मागणी सुतात येते. तीन सूत म्हणजे १० मिमी, चार सूत १२ मिमी, आणि ८ मिमीच्या सळईला म्हणतात अडीच सूत. एक सूत ३.१७५ मिमी, त्यामुळे हे सगळं जवळपासचं आहे, तंतोतंत नाही. पाचवीच्या पोरीला विचारा, अडीच सूत म्हणजे इंचाचा कितवा भाग? ५/१६ पर्यंत ती स्वतः पोचली तर पार्टी माझ्याकडून.

एक सूचना. पाऊण इंची पाइपवर पट्टी लावायला सांगू नका. ते नुसतं नाव आहे. बाहेरून लोखंडी पाइप २६-२७ मिमी भरतो आणि पोरं गोंधळतात. त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी खुणा असलेला टेप घ्या, एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. इंचाच्या बाजूला अर्धा, पाव, अष्टमांश यांच्या रेघा कमी-कमी उंचीच्या असतात, ते नुसतं बघत बसलं तरी बरंच कळतं. सेंटिमीटरच्या बाजूला दहा भाग. म्हणजे एका कडेवर व्यवहारी अपूर्णांक आणि दुसऱ्या कडेवर दशांश.

जुना_आणा

आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं पाठ असायचं. पाच पाव सव्वा, सहा पाव दीड, सात पाव पावणेदोन. आजही मंडईत पाऊण किलोचा भाव भाजीवालीच्या आधी मी सांगतो. अठ्ठेचाळीसची पाऊण छत्तीस. पोरांना हे शिकवा, बाकीची नाटकं कशाला?

कोडकरी

काका, आदर आहे, पण ही घोकंपट्टी झाली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा हे आता कुणाला लागतं? खिशात कॅल्क्युलेटर आहे. मुलांना संकल्पना कळली की पुरे.

जुना_आणा

कॅल्क्युलेटरवर ३/४ कसं टाकायचं ते आधी माहीत असावं लागतं, बाळा. असो.

हे पाढे का होते तेही सांगतो, म्हणजे नुसती घोकंपट्टी वाटणार नाही. रुपयाचे सोळा आणे. पावली चार आण्यांची, चवली दोन आण्यांची, अधेली आठ आण्यांची. शेराचेही सोळा छटाक. पावशेर म्हणजे चार छटाक, नवटाक म्हणजे दोन. जग निम्म्या-निम्म्याने चालायचं आणि कितीही निम्मं केलं तरी हातात पूर्ण आकडाच यायचा. मग १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. चवलीचे हिशेबाने साडेबारा नवे पैसे झाले, आणि अर्ध्या नव्या पैशाचं नाणंच नाही. दुकानात जी भांडणं झाली ती मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पुढच्या वर्षापासून वजनंही बदलायला लागली. शेर गेला, पण आमची भाजीवाली २५० ग्रॅमला अजून पावशेरच म्हणते.

निवृत्त_गुरुजी

दोघांनाही थोडं-थोडं पटवून घ्यावं लागेल. 🙂 पाठांतराला माझा विरोध नाही, पण ते पट्टीनंतर. कागदाच्या काठीवर पाव-पाव उड्या मारत "पाच पाव सव्वा" म्हटलं की ते पाठांतर राहत नाही. औटकी मीही सोडून देईन. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी मात्र जरूर.

कोथरूडकरीण

गुरुजी, पट्टीचा प्रयोग सुरू केलाय. फ्रीजचं दार मोजून झालं, आता शेजाऱ्यांच्या कुंड्या मोजतेय. ५/८ आणि ३/४ लगेच सांगितलं, पण तिसरा भाग करायला घडी कशी घालायची यावर आमची गाडी अडली.

आणि एक नवीन गोंधळ. १ तास १५ मिनिटं तिने १.१५ तास असं लिहिलं. मी चूक म्हटलं तर म्हणे, १ रुपया १५ पैसे १.१५ होतात ना? १ मीटर १५ सेंटिमीटर १.१५ होतात ना? मला पटकन समजावता आलं नाही.

निवृत्त_गुरुजी

मुलीचा प्रश्न उत्तम आहे, तिला माझ्याकडून शाबासकी सांगा. तिच्या तीन उदाहरणांपैकी दोन बरोबर आहेत. तिला फक्त एकच विचारायचं: पंधरा, पण कितीपैकी? पैसे शंभरपैकी पंधरा, म्हणून .१५. सेंटिमीटरही शंभरपैकी. मिनिटं मात्र साठपैकी पंधरा, म्हणजे पाव, म्हणजे .२५. सव्वा तास १.२५ तास होतो आणि घड्याळात तो १:१५ दिसतो. दोन ठिपक्यांना मुलं दशांशचिन्ह समजतात, डिजिटल घड्याळांनी हा घोळ वाढवलाय.

याच माळेतला दुसरा मणी: १ किलो ५० ग्रॅम. दहातली सहा मुलं १.५ किलो लिहितात. हजारपैकी पन्नास, म्हणून १.०५०. आणि १ किलोमीटर १५ मीटर? १.०१५. ही चार-पाच गणितं एकाखाली एक मांडून द्या, वेगवेगळी देऊ नका. शेजारी-शेजारी असली की फरक टोचतो.

तिसऱ्या भागाची घडी: पट्टी दुमडून घट्ट दाबायची नाही. सैल वळवून तीन थर एकावर एक येऊ द्या, टोकं सरकवून जुळवा आणि मगच दाबा. दोन-तीनदा फसतं, मग जमतं.

आता सगळ्यांसाठी एक गणित. लक्ष्मी रोडवरून दोन मीटर लेस आणली. एका बाहीला पाऊण मीटर लागते. किती बाह्या होतील आणि किती लेस उरेल?

सुईदोरा

गुरुजी, एका बाहीला पाऊण मीटर लेस? फुग्याची बाही आहे का? साध्या बाहीला ३५ सेंटिमीटर पुष्कळ होते.

निवृत्त_गुरुजी

गणितातली बाही आहे ताई, फुग्याची समजा. 🙏

मोरपीस

दोन बाह्या, अर्धा मीटर उरेल.

कोडकरी

२ भागिले ३/४ बरोबर ८/३, म्हणजे २ पूर्णांक २/३. दोन बाह्या आणि २/३ मीटर उरेल. मोरपीस, परत तपासा.

मोरपीस

तुम्हीच तपासा. दोन बाह्यांना दीड मीटर गेली. दोनातून दीड गेले, अर्धा. यात तपासायचं काय?

कोडकरी

भागाकाराचं उत्तर समोर आहे हो. छेद उलटा करून गुणलंय, नियमाप्रमाणे. कॅल्क्युलेटरवर २.६६६ येतंय.

खवचट_पेठकर

संकल्पना कळली की पुरे, असं वर कुणीतरी म्हणालं होतं. 🍿

अनघड

थांबा, दोघांचेही आकडे बरोबर आहेत. एकक वेगळं आहे. कोडकरींच्या २/३ पुढे "मीटर" हा शब्द त्यांनी स्वतःहून लावला, भागाकाराने तो दिलेला नाही. आपण विचारलं होतं, दोन मीटरमध्ये पाऊण मीटर किती वेळा बसतं? उत्तर आलं दोन पूर्णांक दोन तृतीयांश वेळा. म्हणजे उरलेल्या लेसमध्ये २/३ बाही होईल. आणि पाऊणचे दोन तृतीयांश अर्धाच.

जुना_आणा

पावांमध्ये मोजा, एका मिनिटात सुटेल. दोन मीटर म्हणजे आठ पाव. बाहीला तीन पाव. तीन गेले, परत तीन गेले, राहिले दोन पाव. मीटरच्या हिशेबाने दोन पाव म्हणजे अर्धा. बाहीच्या हिशेबाने तीनातले दोन. पावकी काही अगदीच वाया गेली नाही म्हणायची.

कोडकरी

मान्य, काका. आठ पाव आणि तीन-तीनचे गट हे एकदम दिसलं. हे असं पुस्तकात का नसतं?

निवृत्त_गुरुजी

अनघड आणि जुना_आणा दोघांनी माझं काम केलं. कोडकरी, हे गणित मी शिक्षकांच्या प्रशिक्षणातही टाकायचो आणि तिथेही हीच दोन उत्तरं यायची. अपूर्णांक दिसला की "कशाचा?" हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. अर्धा कशाचा? २/३ कशाचे? मुलांना उत्तरापुढे एकक लिहायची सक्ती आपण करतो, पण ते एकक गणित सोडवून झाल्यावर शेपटीसारखं चिकटवलं जातं. ते पहिल्या ओळीपासून असायला हवं.

आणि हे भागाकार पाचवीला नियमाने शिकवायची गरज नाही. गट करून, लेस कापून सुटतात तेवढेच द्या. छेद उलटा करायचा नियम सहावीत भेटेलच. तोपर्यंत असे पंचवीस गट हाताने पाडलेले असले तर तो जादू वाटणार नाही.

सुईदोरा

माझ्याकडून एक खरं गणित. ब्लाउजपीस ८० सेंटिमीटरचं येतं. एका गिऱ्हाइकाला एक मीटर लागतं. पीस लागणाऱ्या कापडाचा किती भाग आहे, आणि कमी पडणारं कापड पीसचा किती भाग? पहिलं उत्तर ४/५, दुसरं १/४. "कशाचा" बदलला की २० सेंटिमीटर एकदा पाचवा हिस्सा होतात आणि एकदा चौथा. दुकानात मी हे रोज करते, गणित आहे हे आज कळलं.

पेपरवाला

धागा वाचून एक सुचलं. पावसाळ्यात पेपरात रोज धरणांचे आकडे येतात, ते कापून द्या. खडकवासला साखळीत चार धरणं. उपयुक्त साठा टीएमसीमध्ये: टेमघर ३.७१, वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, खडकवासला १.९७. एकूण २९.१५. (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २८.३ अब्ज लिटर. मुलांना शून्यं लिहायला सांगा, गप्प बसतात.)

आता खडकवासला भरलं की अख्खं पुणं चौपाटीवर कणसं खायला जातं आणि "धरण भरलं" म्हणून पाणीकपातीची चिंता सोडतं. गुरुजींचा प्रश्न विचारा: भरलं, पण एकूण साठ्याचा कितवा भाग? अचूक नको, सोपा जवळचा अपूर्णांक काढायचा.

अनघड

भारी! १.९७ म्हणजे जवळपास २, २९.१५ म्हणजे जवळपास ३०. म्हणून १/१५. कणसं खाऊन झाली की बाकीच्या १४ भागांचं बघा. 😀

टेमघर साधारण १/८. वरसगाव आणि पानशेत मिळून २३.४७, म्हणजे जवळपास ४/५.

बोहरी_आळी

टेमघर एक सूत!

कोथरूडकरीण

धाग्याची वाचनखूण साठवली. सगळ्यांचे आभार, विशेषतः गुरुजींचे. लेस मिळाली नाही म्हणून दप्तराची जुनी नाडी कापून झाली (न विचारता). अडीच सुताचं ५/१६ सुद्धा तिने काढलं, आठ भागांच्या काठीला अजून एक घडी घालून. बोहरी_आळी, पार्टीचं लक्षात आहे ना?

धरणांच्या आकड्यांवर तिनेच एक गणित काढलंय, इथे टाकायला सांगितलंय. टेमघर पूर्ण भरलं आणि वरसगाव निम्मंच भरलं, तर जास्त पाणी कुठे? आकडेमोड न करता सांगायचं आणि नंतर तपासायचं.

बोहरी_आळी

पार्टी पक्की. उत्तर वरसगाव.

जुना_आणा

वरसगावच. निम्मं म्हणजे ६.४१, टेमघर पूर्ण ३.७१. तिला सांगा, वरसगाव पावच भरलं असतं तर टेमघर जिंकलं असतं. पाव म्हणजे ३.२० च्या किंचित वर. आता नेमकं कितवा भाग भरलं की दोन्ही सारखे होतील, ते तिने मला सांगायचं.